एक सुलटी, एक उलटी

ऑर्केस्ट्रातल्या माझ्या अकरा वर्षांबद्दल मी घरात आणि बाहेर भरपूर बोललो आहे. पावसात भिजलेले स्पीकर, मांडवात शिरलेला बैल, एका लग्नात नवरीच्या मामानं तासभर न सोडलेला माइक, हे सगळं माझ्या मुलांना पाठ आहे. फक्त मी तिथं लागलो कसा, असं कुणी विचारलं की ‘ओळखीतून’ एवढंच सांगून मी पुढच्या गोष्टीकडे वळायचो. ते अगदी खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. ज्याच्या ओळखीतून लागलो त्याचं नाव मी कधी घेतलं नाही, आणि नाव टाळायची सवय इतकी पक्की झाली की पुढं पुढं ते टाळावं लागतंय हेही लक्षात येईना.

गेल्या महिन्यात माझ्या नातीनं गिटारसाठी नवे पिकअप मागवले. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेलं लोहचुंबकाचं आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. तार हलली की त्यात वीज उमटते आणि तीच पुढं अँप्लिफायरमध्ये, आमच्या बोलीत मशिनमध्ये, जाऊन आवाज होते. बारामतीत घरपोच खोकं आलं, आत रंगीत आकृतीचा कागद. ‘आजोबा, तुम्ही हेच करायचात ना?’ म्हणून तिनं तो माझ्यापुढं धरला. खाली ठळक अक्षरांत एक ओळ होती: दोन्ही पिकअप एकत्र वाजवल्यावर आवाज पातळ येत असेल, तर कोणत्याही एकाच्या दोन वायरी आपसांत बदला. ‘एवढीशी गोष्ट एवढी ठळक कशाला छापलीय?’ असं तिनं विचारलं. मी चष्मा पुसत बसलो. तिला दिलं नाही ते उत्तर इथं लिहितो आहे.

मी मूळचा कऱ्हाटीचा. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी ती विकून जमिनीत जीव घातला. मी मेंढरांच्या कामाचा नव्हतो आणि शेतातही माझं मन नव्हतं. घरातला रेडिओ उघडून मिटवायचा एवढंच मला यायचं, म्हणून मला इंदापूरला थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं, पाठवलं. दाजींचं तिथं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची, नदीवरची मोटार जळली की शेतकरी ती ट्रॉलीत घालून आणायचे. दाजी जळलेली तार काढून नवी भरून द्यायचे. दुकान रस्त्यावर, मागं दोन खोल्यांत संसार. दिवसभर हायवेच्या बाजूनं ट्रकांचे हॉर्न, एसटी स्टँडवरची घोषणा, आणि या सगळ्यावर दाजींच्या हातोडीची लाकडी ठकठक. दाजी मोटार उघडायच्या आधी तिचा वास घ्यायचे. नाक आत घालून म्हणायचे, ‘ही तीन फेजची मोटार दोन फेजवर चालवलीय. मालक झोपला हुता बांधावर.’ मालक समोर उभा असायचा. तो खाली बघायचा.

भरलेल्या मोटारीला व्हार्निश पाजून वाळवायला दाजींनी पत्र्याची मोठी पेटी केली होती, आत चार मोठे बल्ब. थंडीत आक्का त्या पेटीवर दह्याचं गाडगं ठेवायची. दही सुरेख लागायचं, घट्ट, कापून घ्यावं असं. पण त्याला व्हार्निशचा पुसट वास असायचा. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ते दही, असं आमचं जेवण. बाहेरचा माणूस पहिल्या घासाला थांबायचा. आळीतला हारुण थांबला नाही. तो म्हणाला, ‘आक्का, आमच्या घरी दह्यात कापूस असतो. तुमचं बरं हाय.’ आक्काला तो त्या दिवसापासून घरचा झाला.

हारुणचं घर आमच्यापासून पाचव्या दुकानात, पिंजाऱ्याचं. गाद्या, उशा, दुलया. त्याचे वडील, ज्यांना सगळी आळी चाचा म्हणायची, दिवसभर मांडी घालून कापूस पिंजत बसायचे. छताला टांगलेली मोठी कमान, तिला ताणलेली तांत, आणि त्या तांतेवर लाकडी ठोकळा मारला की ट्वांग ट्वांग असा आवाज. तांत थरथरली की कापूस फुलून उडायचा. हारुण गिटार वाजवायला लागला तेव्हा लोक चाचांना चिडवायचे, की तुमच्या पोरानं काय नाद लावून घेतलाय. चाचा म्हणायचे, ‘नाद कसला? मी बी जलमभर तारच वाजवतोय की. माझ्या तारंतनं गादी निघती, त्याच्या तारंतनं काय निघतंय ते बघायचंय.’ आणि मग खोकायचे. तो खोकला त्या घरात भांड्यांच्या आवाजासारखा झाला होता, कुणी वळूनही बघायचं नाही. चाचांच्या भावालाही तसाच होता. तो लवकर गेला होता.

हारुण माझ्याच वयाचा, बाविशीचा. त्याची गिटार लाल होती, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली; कोणी केली ते नाव घासून गेलं होतं. शिकवणारं कुणी नव्हतं. रेडिओवर गाणं लागलं की तो मधला वाद्याचा तुकडा ऐकून ठेवायचा आणि दुपारी आमच्या दुकानात बसून बोटांनी शोधायचा. मी त्याला रेडिओच्या सुट्या भागांतून अँप्लिफायर करून दिला. गिटारला दोन पिकअप होते, एक मानेकडं, एक खालच्या पट्टीकडं, आणि तीन घरांचा एक खटका: वर केला तर एक, खाली केला तर दुसरा, मध्ये ठेवला तर दोन्ही. हारुण नेहमी मध्ये ठेवायचा. ‘दोन्ही मिळून आवाज गोल हुतो,’ म्हणायचा. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पुढं जे झालं त्याच्या आधी ते एकदाही मला आठवलं नाही.

नरसिंहपूरच्या जत्रेत आम्ही एका बेंजो पार्टीबरोबर गेलो होतो. तिथं बारामतीच्या एका ऑर्केस्ट्राच्या मालकांनी, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे, हारुणला ऐकलं. थोड्या दिवसांनी त्यांचा निरोप आला. त्यांचा गिटारवाला मुंबईला चालला होता. सोमवारी दुपारी येऊन वाजवून दाखव. निरोपाला शेपूट होतं: तो मशिन केलेला दोस्तही घेऊन ये, आम्हाला मशिनवालाही बघायचाय. म्हणजे दोघांचंही नशीब एकाच दुपारी ठरणार होतं.

चाचांनी आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून दाजींसमोर आपला निकाल सांगितला. ‘आण्णानं घेतला तर जाऊंदे. मी आडवा येणार न्हाय. न्हाय घेतला तर कमानीला बसायचं. मधलं काय न्हाय आता. माझा दम पुरंना.’ चाचा घरी गेल्यावर हारुण मला म्हणाला, ‘बिरू, कमानीला बसलो तर मी बी पंधरा वर्सांनी आसाच खोकत बसंन. गिटार चांगली वाजली पायजे बघ.’

आणि गिटार वाजतच नव्हती. जत्रेत नदीकाठची ओल आणि हारुणचा घाम यांनी दोन्ही पिकअप आतून खाल्ले होते. खरखर, मग काहीच नाही. मुंबईला पाठवायला वेळ नव्हता. मी म्हणालो, मी भरतो. त्यात मला फुशारकी वाटली होती, हे कबूल करतो. जळक्या मोटारी भरणाऱ्याला एवढंसं वेटोळं काय अवघड?

जुन्या पिकअपमधली चुंबकं काढली. मोटारीत घालतो त्या जाड फायबर कागदाच्या पट्ट्या कापून नवी चौकट केली. पुण्याहून तापकीर गल्लीतून तार आणली, केसाहून बारीक. बोटांत धरली तरी दिसायची नाही, फक्त उन्हात चमकली की कळायचं. पंख्याच्या कॉइलचं हातमशिन होतं त्यावर ती गुंडाळायची, हजारोंनी वेढे. श्वास जोरात सोडला तरी तुटायची. दोनदा तुटली, म्हणजे दोनदा सगळं पहिल्यापासून. हारुण समोर बसून बघायचा आणि माझ्याबरोबर श्वास रोखायचा. तिसऱ्यांदा आक्कानं मागून ‘जेवायला या’ म्हणताच दोघंही एकदम ओरडलो, ‘आगं गप!’ ती भाकरी हातात घेऊन दारातच उभी राहिली, वेटोळं पुरं होईपर्यंत.

आता जी चूक झाली ती नीट सांगितली पाहिजे. मोटारीत कॉइली शेजारी शेजारी बसतात आणि त्या एकाआड एक उलट दिशेनं जोडाव्या लागतात, नाहीतर मोटार फिरतच नाही, नुसती गुरगुरते आणि जळते. दाजींनी पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं होतं. तारेच्या सुरुवातीला पिवळी नळी, शेवटाला काळी. मग ओळीनं जोडत जायचं: एक सुलटी, एक उलटी. ‘हे डोक्यात ठिवायचं न्हाय,’ दाजी म्हणायचे, ‘हातात ठिवायचं. डोकं इसरतं.’ तीन वर्षांत ते माझ्या हातात पुरतं उतरलं होतं. सोमवारी सकाळी घाईत मी गिटारच्या पोटात सोल्डरचे डाग मारत होतो. पहिल्या पिकअपची पिवळी खटक्याला, काळी जमिनीला, म्हणजे अर्थिंगला. दुसऱ्याची, हात आपोआप वळला, काळी खटक्याला, पिवळी जमिनीला. गिटारमध्ये दोन्ही एकाच दिशेनं लागतात. मी डोक्याला विचारलंच नाही.

तपासलं नाही असंही नाही. तारा अजून लावलेल्या नव्हत्या, म्हणून स्क्रूड्रायव्हरनं पिकअपवर टकटक केलं. वर: टक. खाली: टक. दोन्ही जोरदार. एकेका पिकअपवर विजेची थोडी गूं होती, ती असतेच. मग खटका मध्ये घेतला आणि गूं नाहीशी झाली. स्वच्छ शांतता. मी खूष झालो. हारुणला म्हणालो, ‘ऐक, काय सफाई हाय बघ, म्हशीनं पान्हा चोरल्यागत गप झालंय.’ आज मला माहीत आहे की ती शांतताच माझ्या चुकीची खूण होती. दोन उलटी वेटोळी एकमेकांची गूं मारत होती, आणि तारा लावल्यावर एकमेकांचा सूरही मारणार होती. तेवढ्यात लाईट गेली. हारुण म्हणाला, ‘चल, तारा गाडीत लावतो. ही एसटी चुकली तर संपलं.’

बारामतीत आण्णांची तालीम एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये चालायची. सतरंजीवर ड्रम, ऑर्गन, ढोलकी. आण्णा पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट, तोंडात पान, खुर्चीवर उलटे बसलेले. मी त्यांच्या मोठ्या मशिनपाशी जाऊन उभा राहिलो. एवढी बटणं मी एका जागी पाहिली नव्हती. हारुणनं सूर लावला, खटका मध्ये ठेवला, आणि सुरू केलं.

आवाज पत्र्याच्या डब्यावर नख ओढावं तसा आला. पातळ, पोकळ, नाकातला. हारुणनं चमकून हाताकडं बघितलं. पुन्हा जोरात छेडलं. तसाच.

‘जेवला न्हाईस का रं?’ आण्णा म्हणाले. सगळे हसले. मला म्हणाले, ‘आवाज चढव त्याचा.’

मी चढवला. गिटारनं शिट्टी मारली. ड्रमवाला काठ्या कानाशी धरून म्हणाला, ‘आण्णा, हॉलमधी डास शिरला वाटतं.’ पुन्हा हसू. हारुणचा हात एकदा खटक्याकडं गेला. आण्णांनी लगेच टोकलं, ‘त्या खटक्याशी खेळू नगं. वाजव तू.’ त्यानं हात मागं घेतला आणि वाजवत राहिला. बोटं बरोबर पडत होती, एकही सूर चुकला नाही. ऐकायला मात्र काही येत नव्हतं.

मला कळलं होतं. दुसरी ओळ सुरू व्हायच्या आत कळलं होतं. सकाळची ती शांतता, काळी नळी, वळलेला हात, सगळं एकदम समोर आलं. ‘खटका खाली घे’ एवढे तीन शब्द पुरे होते. एकच पिकअप लागला असता आणि हॉल भरला असता. पण आण्णा विचारणार, का खाली? मग सांगावं लागणार की जोडणी चुकली, मी चुकवली; आणि ज्याला गिटारच्या चार वायरी जोडता येत नाहीत त्याच्या हातात हे मशिन कोण देणार? एवढा सगळा विचार मी केला. घाबरून तोंडून शब्द फुटला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मी हिशेबी होतो.

वाजवणं थांबल्यावर आण्णांनी मान माझ्याकडं वळवली. ‘मशिनीत काय खोट?’

‘मशिन ठीक हाय.’

‘आन गिटार? तूच दुरुस्त केलीस न्हवं?’

हारुण माझ्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत संशय नव्हता, नुसती वाट बघणं होतं.

‘गिटार ठीक हाय, आण्णा.’

आण्णांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. ते वाईट माणूस नव्हते. हारुणला म्हणाले, ‘बोटं पळत्यात तुझी, पण तारंवर वजन न्हाय. जत्रंत बरा वाजलास, हितं माणसं बघून गळाठलास. रियाज कर. पुढच्या सालाला ये.’ मग मला म्हणाले, ‘तू मातर पुढल्या सोमवारपासनं ये.’

परतीच्या एसटीत गर्दी होती. गिटार आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी. हारुणनं शेंगांची पुडी घेतली होती, तो सोलून मला देत होता आणि स्वतः खात नव्हता. एक गाव मागं पडल्यावर म्हणाला, ‘अभिनंदन कराया इसरलोच की तुझं.’ मग त्यानं विचारलं, ‘बिरू, खरं सांग. तारंवर वजन न्हाय माझं?’

‘मोठ्या हॉलमधी आवाज पसरतो.’

‘तुला कसा लागला?’

‘जरा बारीक.’

‘जरा?’ तो थोडा हसला. ‘तू म्हणतूस म्हंजी आसंल. तुझा कान मशिनीचा हाय.’

इंदापूरला उतरल्यावर त्यानं गिटार माझ्या हातात दिली. ‘ठिव तुझ्याकडं. घरात दिसली की अब्बा गप बसत्याल. ते बघवायचं न्हाय.’ पुढच्या सोमवारी मी बारामतीला गेलो आणि तो कमानीला बसला.

तीन आठवड्यांनी पहिल्या सुट्टीला इंदापूरला आलो. दुकानात गिटारचं झाकण काढलं. पिवळी नळी जमिनीला चिकटलेली, अगदी जशी मला दिसत होती तशी. दोन डाग सोडवले, वायरी बदलल्या, पुन्हा दोन डाग. माडग्याला उकळी फुटायच्या आत काम झालं. मान वर केली तर दाजी उभे.

‘उलटी जोडली हुतीस?’

‘व्हय.’

‘सांगितलंस का त्याला?’

‘आज सांगतो.’

दाजी ‘बरं’ म्हणाले. मी खरंच सांगणार होतो. हारुणला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत कापूस होता. तीन आठवड्यांत म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. मी म्हणालो, आधी वाजव, मग बोलू. वाटलं, आवाज ऐकला की सांगणं सोपं जाईल. त्यानं खटका मध्ये घेतला आणि छेडलं. भरलेला, गोल आवाज सगळ्या दुकानात घुमला, वाळवायच्या पेटीचा पत्रा थरथरला. आक्का पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. दाजी म्हणाले, ‘आज बरं वाजवतोय की पिंजारी!’

हारुण थांबला. तारांवर हात ठेवून त्यानं आवाज बंद केला, आणि माझ्या आधी बोलला.

‘म्हंजी मी घाबरलो हुतो,’ तो म्हणाला. ‘आण्णा बरोबर बोलले. गिटार तीच, मशिनवाला तोच, बोटं तीच. हितं कुणी बघाया न्हाय तर वाजती. तितं माणसं बसली तर हात गळतो.’ मग तो चक्क हसला. ‘बरं झालं कळलं. नायतर जलमभर वाटलं आसतं की माझ्यावर अन्याव झाला.’

मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. माझ्याच दुरुस्तीनं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती. आता सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा घाण होती. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मग हात पुसले आणि आत गेले. त्यांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. बोलणं तोडलं नाही, जेवताना पहिली भाकरी माझ्याच ताटात यायची. पण त्यानंतर सुट्टीत मी दुकानात एखादी मोटार भरली, की दाजी तिची जोडणी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः तपासायचे. तीन वर्षांत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं. ते गेले तोपर्यंत ही रीत मोडली नाही.

पुढच्या साली हारुण आण्णांकडं गेला नाही. मी एकदा आग्रह केला, तेव्हा म्हणाला, ‘ज्याचा हात माणसं बघून गळतो त्यानं तितं जाऊ नाय. तू सांगतूस ते मायेनं सांगतूस.’ गिटार तो घरी घेऊन गेला. माझ्या लग्नाची गादी त्यानंच भरली, त्याच्या हातच्या कापसाची, टाके इतके सारखे की मशिनवर घातल्यासारखे. मुलींच्या लग्नातल्या गाद्याही त्याच्याच. आयुष्यभर मी त्या कापसावर झोपलो आणि मला झोप लागत असे, हेही लिहून ठेवतो. पुढं कमान गेली, कापूस पिंजायचं मशिन आलं, धूळ तीच राहिली. पंधरा वर्षांचा त्याचा अंदाज चुकला, वीस लागली. पण खोकला आला तो चाचांचाच. मी जायचो, पायरीवर बसायचो. दर वेळी घरून निघताना ठरवायचो. दर वेळी तो चहा सांगायचा.

गेल्या थंडीत त्याच्या सुनेचा फोन आला, की अब्बा आठवण काढतात, एकदा येऊन जा. बारामती-इंदापूर एसटीत मी वाक्य जुळवत गेलो. ते लहान करत गेलो, कारण त्याला आता लांबलचक ऐकायलाही दम पुरत नसेल असं वाटलं. तो पलंगावर तीन उशांना टेकून बसला होता, नाकाला नळी. भिंतीवर लाल गिटार, त्यानंच शिवलेल्या दुलईच्या कापडाच्या खोळीत. सुनेला म्हणाला, ‘ह्यो बिरू. आतलं समदं ह्यानं केल्यालं. आजून एक वायर हालली न्हाय.’

मी म्हणालो, ‘हारुण, त्या दिवशी आण्णांच्या हॉलमधी—’

त्यानं हात वर केला. थोडा वेळ नुसता श्वास घेतला. मग तुकड्यातुकड्यांनी बोलला. ‘त्या दिवसाचं इसरलो न्हाय मी. दुसरा आसता तर म्हणला आसता, गिटारच भिकार हाय. आपली नोकरी मिळवाया. तू म्हणलास, गिटार ठीक हाय. माझ्या गिटारची आब्रू राखलीस तू समद्यांत.’ त्याला खोकल्याची उबळ आली. सून वाफेचं यंत्र घेऊन आली आणि मला म्हणाली, ‘काका, आता त्यांना बोलू देऊ नका. पुढच्या आठवड्यात या की निवांत.’ मी उठलो. त्याचा हात माझ्या हातात होता, बोटांची टोकं अजून टणक. ‘येतो गुरुवारी,’ मी म्हणालो. तो मानेनं बरं म्हणाला.

मंगळवारी फोन आला. मी गेलो, मूठभर माती घातली, लोक होते, परत आलो.

नातीचे पिकअप परवा मीच जोडले. हात थरथरतो आता, दोन डाग तिनं मारले. झाकण लावायच्या आधी मी तिला म्हणालो, खटका मध्ये घे आणि वाजव. आवाज भरून आला. ती म्हणाली, ‘मग झालं की, आजोबा.’ मी म्हणालो, झालं.

एसटीत जुळवलेलं वाक्य अजून तसंच आहे, त्यात बदल करायला जागा उरली नाही. ते त्याच्याच बोलीत आहे, कारण ते दुसऱ्या कुणासाठी नव्हतं.

हारुण, तुझा हात गळाला न्हवता. वायर मी उलटी जोडली हुती, आन मला ते तितंच कळलं हुतं. माफ कर.